आजी गावाला गेली आहे, असं तिला सांगितलंय

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते.

मुलगी १७ वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली. बोलणं तुटक, पण घरच्यांना सगळं समजतं. गावातल्या मतिमंद मुलांच्या शाळेत ती रिक्षाने जायची, स्वतः आंघोळ करायची, कपडे घालायची, तिन्हीसांजेला आजीबरोबर दिवा लावायची. लहानपणापासून आजीच्याच अंथरुणात झोपली. आजी गेल्या कार्तिकात वारल्या. त्या दिवशी मुलीला मावशीकडे पाठवलं आणि तेरावं झाल्यावर परत आणलं. तिनं आजीबद्दल विचारलं तेव्हा ‘गावाला गेलीय’ असं सांगितलं. त्याला आता पाच महिने होत आले. ती नीट जेवत नाही, रात्री जागी राहून पुटपुटते, स्वतःच्या गालावर मारून घेते, दोनदा-तीनदा अंथरुणात लघवी झाली. रोज चारच्या सुमाराला फाटकापाशी जाऊन उभी राहते, एसटी गेली की आत येते. भाऊ आजीच्या खाटेवर बसला तर त्याला मारलं. गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तिनं ती दिवसभर पेंगते. शाळा म्हणते, ‘असं असेल तर पाठवू नका, नाहीतरी जूनमध्ये १८ पूर्ण होतायत.’ वडील म्हणतात, ‘एक शिक्का आहेच, मानसोपचारवाल्याकडे नेऊन दुसरा कशाला?’ चुलत सासरे देवऋष्याकडे न्यायचं म्हणतात. नणंदेनं एका निवासी संस्थेचा पत्ता आणून दिला आहे. आईचा प्रश्न असा: तिला तिथे ठेवावं का? ‘माझ्याच्यानं आता होत नाही आणि तसं म्हणायचीही लाज वाटते.’

ताई,

तुम्ही संस्थेबद्दल विचारलंय आणि त्याचं उत्तर मी देणार आहे, पण थोडं पुढे गेल्यावर. आधी तुमच्या पत्रातलं दुसरंच एक वाक्य घेते, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘तिला मरण काय कळणार, म्हणून काही सांगितलं नाही.’ त्याच पत्रात खाली तुम्ही तिचं फाटकापाशी उभं राहणं लिहिलंय. ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी वाचा. गावाला गेलेलं माणूस एसटीनं परत येतं. तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्या मुलीला पुरतं कळलं आहे, ते तिनं खरं मानलं आहे आणि त्याप्रमाणे ती वागते आहे.

आता तिच्या जागी बसून पुढचा हिशेब करा. आजी सांगून गेली नाही. पाच महिने झाले, आली नाही. फोनही करत नाही. घरात कुणी तिचं नाव काढत नाही, मी काढलं तर सगळे विषय बदलतात. मग आजी माझ्यावर रागावली आहे का? मी काही केलं का? गालावर मारून घेण्याचा अर्थ मी इथे बसून लावणार नाही, तो लावायला तिला प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे. पण इतकं नक्की सांगते की माणूस मेल्याचं दुःख ही मुलं सोसतात. माणूस आपल्याला टाकून गेलं, हे सोसायला त्यांना आपण भाग पाडतो.

यात तुम्हाला दोष द्यायचा नाही. आपल्याकडे मयताच्या घरातून लहान पोरांना शेजारी नाहीतर मामाकडे पाठवण्याची रीतच आहे, आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलगी १७ वर्षांची झाली तरी घरात लहानच धरली जाते. तुम्ही मायेपोटी केलंत. आता ते बदलता येतं, उशीर झालेला नाही.

पण ते कसं सांगायचं याच्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या पत्रातल्या प्रत्येक माणसानं, शाळेपासून डॉक्टरांपर्यंत, एकच निष्कर्ष काढलाय: ‘ती तशीच आहे.’ ती तशीच होती का? तुम्हीच लिहिलंय, ती आंघोळ करायची, कपडे घालायची, दिवा लावायची. डाउन सिंड्रोम तिला जन्मापासून आहे, कार्तिकात झालेला नाही. जे पाच महिन्यांत बदललं त्याचं कारण १७ वर्षं जुन्या गोष्टीत शोधून सापडणार नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आजार आणि दुःखं अशीच वर्षानुवर्षं नजरेआड राहतात. दात दुखतो म्हणून मूल डोकं आपटतं आणि आपण म्हणतो मतिमंद आहे म्हणून आपटतं. तिची तुलना दुसऱ्या मुलींशी करू नका, शाळेतल्या इतरांशीही करू नका. गेल्या दसऱ्याला ती कशी होती, हीच मोजपट्टी. ऑटिझम असो, सेरेब्रल पाल्सी असो, मूल बोलत नसो, हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांनीही हाच निकष धरावा. येणारी गोष्ट येईनाशी झाली, झोप किंवा भूक बदलली, आवडीची गोष्ट नकोशी झाली, मूल स्वतःला किंवा इतरांना मारायला लागलं आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर ‘वय आहे’ किंवा ‘स्वभाव आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

म्हणून पहिली पायरी शरीराची. दुःखाचं कारण समोर दिसत असलं तरी ही पायरी गाळायची नाही, कारण डाउन सिंड्रोममध्ये काही आजार नेहमीपेक्षा जास्त आढळतात आणि ते बाहेरून उदासीसारखेच दिसतात. थायरॉइड कमी पडणं हा त्यातला सगळ्यात मोठा. माणूस सुस्त होतं, बोलणं कमी होतं, कशात मन लागत नाही. साध्या रक्ततपासणीत ते कळतं, गोळीनं आटोक्यात राहतं आणि खरं तर या मुलांची ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. शेवटची कधी झाली होती, आठवतंय का? त्याच वेळी हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि लघवीची तपासणी करून घ्या. कान दाखवा. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ साठतो, ऐकू कमी येतं आणि आपल्याला वाटतं ती लक्ष देत नाही. डोळेही दाखवा, मोतीबिंदू या मुलांना लहान वयातही होतो. ती घोरते का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, हे एक-दोन रात्री बघा आणि मोबाइलवर थोडं चित्रण करून ठेवा. झोपेत श्वास अडखळणं डाउन सिंड्रोममध्ये वरचेवर दिसतं आणि अशा वेळी झोपेची गोळी त्रास वाढवू शकते. पाळीच्या दिवसांत मारून घेणं वाढतं का, तेही टिपा. पोटात कळा येतायत हे तिला सांगता येत नसेल.

अंथरुणात लघवी होण्याबद्दल वेगळं लिहिते. दुःखानं, भीतीनं, मूत्रमार्गाच्या संसर्गानं किंवा वाढलेल्या साखरेनं ते होऊ शकतं. पण डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके कधी कधी सैल असतात आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. तिची चाल बदलली असेल, तोल जात असेल, हातातून वस्तू पडत असतील, मान वाकडी धरत असेल किंवा दुखते म्हणत असेल, तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. यातलं काही दिसत नसलं तरी तपासणीच्या वेळी ‘मानेचंही बघा’ असं तुम्ही स्वतःहून म्हणा.

तुम्हाला मिरज जवळ आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, यातल्या बहुतेक तपासण्या तिथे एका फेरीत होतील. रक्त काढायला ती घाबरत असेल तर आदल्या दिवशी बाहुलीच्या किंवा भावाच्या दंडाला रुमाल बांधून खेळ करून दाखवा, सकाळी पहिला नंबर लावा आणि झाल्यावर काय मिळणार ते आधीच कबूल करा. हातपाय धरून रक्त काढायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, पुढच्या प्रत्येक दवाखान्यात ती ते लक्षात ठेवेल.

झोपेच्या गोळीबद्दल मी इथून थांबवा किंवा चालू ठेवा असं म्हणणार नाही. ज्यांनी दिली त्यांनाच विचारा: कशासाठी, किती दिवस, आणि ती दिवसा पेंगते हे तुम्हाला माहीत आहे का? पुष्कळ दिवसांची गोळी मनानं एकदम बंद करू नका.

आणखी एक अवघड गोष्ट लिहायलाच हवी. मुलगी एकाएकी मिटली, अंगावर हात लावू देईना, अंथरुण ओलं करायला लागली, तर तिला कुणी त्रास दिला आहे का हाही प्रश्न आईनं मनात आणायचा असतो. तुमच्या घरी तसंच झालंय असं मी सुचवत नाही, आणि मावशीच्या घरावर संशयही घेत नाही. पण ते तेरा दिवस, शाळेची रिक्षा, शाळेतलं स्वच्छतागृह, जिथे जिथे ती तुमच्या नजरेबाहेर असते तिथलं सगळं एकदा शांतपणे आठवून बघा. कुठल्या जागेचं, माणसाचं नाव काढलं की ती बदलते का? आंघोळीच्या वेळी अंगावर काही खुणा? विचारायचं झालं तर उत्तर तिच्या तोंडी घालू नका. ‘रिक्षावाल्या काकांनी काही केलं का?’ असं न विचारता ‘रिक्षात काय होतं? पुढे?’ असं विचारा. ती काही बोललीच तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांत कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, आणि अपंग मुलीसाठी विशेष शिक्षकाची मदत घेता येते. यातलं काही नसेल तर देवाची कृपा. पण मनात प्रश्न आला म्हणून स्वतःला पापी समजू नका.

आता आजीचं.

तपासण्यांची वाट बघत हे थांबवून ठेवायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी, पोट भरलेलं असताना, जिथे ती आजीबरोबर बसायची तिथे बसा. आजीचा फोटो हातात असू दे. सोपी, छोटी, खरी वाक्यं: ‘आजी आजारी होती. आजी वारली. आजीचं शरीर आता चालत नाही. ती जेवत नाही, श्वास घेत नाही. आजी परत येणार नाही. आम्हाला वाईट वाटतं. आजी तुझ्यावर रागावली नव्हती. तू काही केलं नाहीस.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ‘देवाघरी गेली’ म्हणालात तर ती देवळात शोधेल, ‘झोपली’ म्हणालात तर झोपायला घाबरेल. तिनं कधी मेलेली चिमणी, कोंबडी, गल्लीतलं कुत्रं पाहिलं असेल तर त्याची आठवण द्या, तिला मरण तिथून माहीत असण्याची शक्यता आहे. ‘गावाला गेली असं आम्ही सांगितलं, ते खरं नव्हतं,’ हेही म्हणा. नाहीतर उद्या तुम्ही खरोखर कुणाला गावाला पाठवलंत की तिचा जीव घाबरा होईल.

ती रडेल, किंवा काहीच करणार नाही आणि चहा मागेल. दोन्ही ठीक. संध्याकाळी परत विचारेल, ‘आजी?’ आणि कदाचित उद्या फाटकाशीही जाईल. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत, घरातल्या सगळ्यांनी. एकानं वारली म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘येईल हं’ म्हणायचं, असं झालं तर सगळं मुसळ केरात. चार वाजता तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याबरोबर फाटकाशी उभं राहा, तिला ओढून आत आणू नका. एसटी जाऊ दे, मग म्हणा, ‘आजी येणार नाही. आपल्याला आठवण येते.’

आजीचं लुगडं जपून ठेवलंय का? त्याची गोधडी शिवून घ्या आणि ती तिला द्या. खाट लगेच हलवू नका. तिच्याशी बोलून, तिला दाखवून, तिच्या हातानं काय करायचं ते ठरवा. रक्षाविसर्जन, दहावा, तेरावा ही माणसं एकत्र बसून गेलेल्याला निरोप देण्याची रीत आहे आणि तुमच्या घरात ज्या माणसाला तिची सगळ्यात जास्त गरज होती तेच माणूस त्या दिवसांत घराबाहेर होतं. ते भरून काढता येईल. तुमच्याकडे अमावस्येला नैवेद्य दाखवत असाल तर पान तिला वाढू द्या. वर्षश्राद्धाला तिला पुढे बसवा. भाद्रपदात म्हाळाला कावळ्यासाठी घास ठेवायला तिला न्या. आणि तिन्हीसांजेचा दिवा पुन्हा सुरू करा. आजीच्या जागी आता कुणीतरी तिच्या शेजारी उभं राहायला हवं.

कुणी? इथे मला तुमच्या यजमानांबद्दल बोलायचंय. पत्रात ते ‘डॉक्टरकडे नको’ म्हणणारे म्हणून येतात. पण ताई, त्यांची आई गेली आहे. घरात आजीचं नाव न काढण्यात मुलीला जपणं किती आणि स्वतःला सावरणं किती, हे त्यांना तरी सांगता येईल का? माझं मत असं की आजी वारल्याचं त्यांनीच लेकीला सांगावं, तुम्ही शेजारी बसावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. बापाला रडताना बघून ती बिथरेल असं वाटत असेल, तर मला तसं वाटत नाही. आजी गेल्याचं दुःख या घरात आपल्या एकटीला नाही, हे तिला पाच महिन्यांत कुणी दाखवलेलंच नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवंच का? शारीरिक तपासण्या झाल्यावर, हो. दुःखाची वाट मोकळी केली की पुष्कळ मुलं हळूहळू सावरतात, पण पाच महिने जेवण-झोप बिघडलेली आहे आणि ती स्वतःला इजा करते आहे, एवढ्यावर तज्ज्ञांची नजर फिरलीच पाहिजे. नैराश्य या मुलांनाही येतं आणि त्यावर उपचार होतात. डाउन सिंड्रोम असलेल्या किशोरवयीन मुलांत क्वचित असंही होतं की बोलणं, हालचाल सगळंच झपाट्यानं बंद पडत जातं. त्यावरही उपचार आहेत, पण ते ओळखायला डॉक्टरच लागतात. ती तासन्‌तास एकाच स्थितीत बसायला लागली, पाणीही पिईना, किंवा मारून घेण्यानं जखमा व्हायला लागल्या, तर ओपीडीचा वार न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शिक्क्याबद्दल यजमानांना हे सांगा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळतो. म्हणजे कायद्याच्याच नजरेत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक आयुष्यभराची अवस्था आहे, दुसरी येते आणि जाऊही शकते. डॉक्टरकडे नेल्यानं तिच्या नावावर कायमचं काही चढत नाही. उलट न नेल्यानं आज चढलेला शिक्का बघा: शाळा तिला ‘अशी’ म्हणते आहे.

जाताना एक वही न्या. रोज तीनच गोष्टी लिहा: किती झोपली, काय खाल्लं, मारून घेतलं तेव्हा त्याच्या आधी काय झालं होतं. शेजारी ‘दसऱ्याआधी’ असा रकाना करून तेव्हा ती काय काय करायची ते लिहा. सात मिनिटांच्या ओपीडीत हे पान तुमच्यापेक्षा जास्त बोलेल. आणि पुटपुटण्याची फार धास्ती घेऊ नका. डाउन सिंड्रोम असलेली पुष्कळ माणसं मोठी झाल्यावरही स्वतःशी मोठ्यानं बोलतात, दिवसभरात घडलेलं असं बोलून ती मनात जुळवून घेतात, आणि ते वेड नव्हे. आधीही बोलायची का, आता आवाजात भीती किंवा राग आला आहे का, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखी बोलते का, एवढं डॉक्टरांना सांगा. ती रात्री काय पुटपुटते ते तुम्ही ऐकलंय का कधी? कान देऊन ऐका. औषध सुरू झालं तर ते कमी मात्रेनं सुरू करून सावकाश वाढवायचं असतं आणि नैराश्याच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

देवऋष्याबद्दल मी स्पष्ट बोलते. घरात देवाचं जे करता ते करा, ग्रामदैवताला नारळ फोडा, अंगारा लावा. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, डांबणं, धुरी देणं तिच्या वाट्याला येता कामा नये. महाराष्ट्रात २०१३ पासून तो गुन्हा आहे. चुलत सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल तर ‘मिरजेच्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, त्यांनी मध्ये दुसरं काही करू नका म्हणून सांगितलंय’ एवढं यजमानांनी म्हणावं.

आता संस्था. माझं उत्तर: आत्ता नको. आजी गेली, आणि पाठोपाठ घर, आई, भाऊ, गल्ली सगळंच गेलं, असं आत्ताच्या अवस्थेत तिच्यावर आणू नका. शिवाय ज्या मुलीचं नेमकं काय बिघडलंय हे अजून कुणी तपासलेलं नाही, ती तिथे जाऊन ‘ही अशीच आहे’ म्हणूनच ओळखली जाईल. सहा महिने उपचार करून बघा आणि मग पुन्हा विचार करा.

पण पुन्हा विचार करणं हे पाप नाही, हेही तेवढ्याच ठामपणे सांगते. चांगली निवासी संस्था मिळणं आणि सावरलेल्या, तयार केलेल्या मुलीनं तिथे राहायला जाणं, यात आईनं हार मानल्यासारखं काही नसतं. अशाच मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन मोठ्या झालेल्या मुलांसाठी घरं उभी केली आहेत. तशी वेळ आलीच तर आधी दोन-चार वेळा न कळवता, निरनिराळ्या वेळी जाऊन या. दिव्यांग कल्याण आयुक्तालयाची नोंदणी आहे का, मुलींच्या बाजूला रात्री बाई कर्मचारी असते का, आजारी पडल्यावर कुणाकडे नेतात, पालकांना कधीही येऊ देतात का, हे विचारा. ‘पहिले तीन महिने भेटायचं नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणी मी माझ्या ओळखीतलं मूल ठेवणार नाही.

तुमचा खरा प्रश्न मला पत्राच्या शेवटच्या ओळीत दिसतो: ‘माझ्याच्यानं होत नाही.’ कसं होईल? तिला उठवणं, वेणी घालणं, जेवायला बसवणं, रात्री कुशीत घेणं, हे सगळं करणारं माणूस त्या घरातून गेलं आणि त्या माणसाची सगळी कामं न बोलता तुमच्यावर येऊन पडली. त्या कामांची वाटणी झालेलीच नाही. कागद घ्या, आजी दिवसभरात तिचं काय काय करायच्या ते सगळं लिहा आणि प्रत्येकापुढे घरातल्या एकाचं नाव घाला. तिन्हीसांजेचा दिवा आणि फाटक बाबांकडे. संध्याकाळची एक फेरी भावाकडे, त्यानं मार खाल्लाय तर त्याच्याशीही कुणीतरी बोलायला हवं. नणंदेला पत्ता आणण्याऐवजी महिन्यातून दोन दिवस इथे येऊन राहायला सांगा, तिचीही आई होती ती. तुम्ही रात्री जागता, तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतून बोलता येतं आणि तो फक्त रुग्णांसाठी नाही, तुमच्यासाठीही आहे.

शाळेला तोंडी नव्हे, लेखी अर्ज द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, ‘पाठवू नका’ असं सहज म्हणता येत नाही. पण भांडायला जाऊ नका. तिच्या आवडत्या बाईंना भेटा, आजी वारल्याचं त्यांना कुणी सांगितलंय का ते आधी विचारा. सुरुवातीला दोन तास, तुम्ही किंवा भाऊ सोडायला-आणायला, असं मागा. जूनमध्ये १८ पूर्ण झाले की शाळेनंतर कार्यशाळा असते, तिथे मेणबत्त्या, पिशव्या, फाइली, मसाले असलं काम शिकवतात. तुमच्या तालुक्यात नसेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मिळेल. काहीच न मिळालं तर आणखी दोन-तीन पालक शोधा. नाशिकची प्रबोधिनी ही अशा मुलांसाठीची संस्था रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केली, तेव्हाही शहरात आयतं काही नव्हतं. मूल्यमापन आणि मार्गदर्शनासाठी खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, पण आत्ता तिला एवढा प्रवास नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर सिव्हिलमधून काढून घ्या. निरामय ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, ओपीडीसकट. आणि १८ पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. बँक, वारसा, पुढे निवासी संस्था, सगळीकडे तो कागद विचारतात. ‘माझ्यानंतर काय’ याचं उत्तर लिहायला तिथून सुरुवात होते, तेव्हा अर्जात तुमच्यानंतर कोण, हेही आत्ताच बोलून ठेवा. भावाला गृहीत धरू नका, त्याला विचारा.

एवढं सगळं एका आठवड्यात करायचं नाही. या आठवड्यात थायरॉइडची तपासणी आणि मिरजेची वेळ. येत्या रविवारी सकाळी आजीचं सांगणं, त्याआधी शनिवारी रात्री यजमानांशी बोलणं. शाळेचा अर्ज पुढच्या आठवड्यात, कागदपत्रं मे महिन्यात. रक्ताचा अहवाल आला आणि रविवार पार पडला की मला पुन्हा लिहा, पुटपुटण्यात काय ऐकू आलं तेही लिहा.